ठगाची जबानी, साहेबाची कादंबरी

इंग्रजी गुन्हेकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण एडगर ॲलन पोच्या १८४१ मधल्या खूनकथेपासून सुरुवात करतात, विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन'पाशी (१८६८) थोडे रेंगाळतात आणि शेरलॉक होम्सला सलाम ठोकून अगाथा ख्रिस्तीकडे वळतात. या वाटेवर १८३९ साली लंडनच्या रिचर्ड बेंटलीने तीन खंडांत काढलेली एक कादंबरी सहसा मागेच राहते. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' हे तिचे नाव. तिच्यात तपास करणारा हुशार गृहस्थ नाही. खून करणाराच आपली हकिगत सांगतो आणि आपण ती ऐकत बसतो. पुस्तक हातोहात खपले. व्हिक्टोरिया राणीने छपाई चालू असतानाच तपासलेले फॉर्म मागवून घेतले, असे लेखकाने आत्मचरित्रात नमूद केले आहे. हा लेखक फिलिप मेडोज टेलर. त्याच्या उमेदवारीची काही वर्षे तुळजापुरात गेली आणि प्रौढपणीची चार वर्षे नळदुर्गच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. मराठी वाचकाला इंग्रजी गुन्हेकथेचे वावडे कधीच नव्हते. दातारशास्त्रींनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सला 'कालिकामूर्ती' आणि 'इंद्रभुवन गुहे'त मराठी केले, बाबूराव अर्नाळकरांनी तर रहस्यकथांची हजारी ओलांडली. तरीही आपल्याच मुलखात कारभार केलेला हा खपाचा लेखक आपल्याकडे कादंबरीकार म्हणून फारसा वाचला जात नाही. वाचला जातो तो ठगांविषयीचा पुरावा म्हणून, आणि तिथेच घोटाळा होतो. टेलरची कादंबरी ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या सरकारी खात्यापेक्षा शहाणी होती. खात्याने आणि खात्याच्या वारसांनी तिच्यातले हिशेबाचे तेवढे उचलले आणि शहाणपण सोडून दिले, असे माझे म्हणणे आहे.

टेलर जन्मला लिव्हरपूलमध्ये, १८०८ साली. १८२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षात, मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीत कारकुनीसाठी तो आला. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. इथे पोचल्यावर कळले की पेढीच डबघाईला आली आहे. मुंबई सरकारातल्या एका नातलगाच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनीच्या करारबद्ध नोकरशाहीत त्याला आयुष्यभर शिरता आले नाही. ज्यांच्या बरोबरीने काम करायचे त्यांच्यापेक्षा पगार कमी, मान कमी, बढतीची वाट अरुंद. ही अडचण लेखक म्हणून मात्र त्याच्या कामी आली. कंपनीचे गोरे अधिकारी दर काही वर्षांनी बदलून जात. टेलर दख्खनमध्येच रुतून बसला. फारसी, हिंदुस्थानी, मराठी शिकला. हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी लग्न केले. या पामरांची आई फैजबक्ष ही दिल्लीकडची मुसलमान बेगम होती. विशीच्या आतबाहेर असतानाच त्याला निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसाचा अंमल मिळाला आणि तुळजापूर हा त्याचा मुक्काम झाला. पण १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला, त्याने युरोपीय मुलकी अधिकारी काढून घ्यायला लावले, आणि टेलर पलटणीत परतला. आपल्याला तिथेच राहू दिले असते तर ठगांचा छडा पहिल्यांदा आपणच लावला असता, तो मान पुढे ठगांविरुद्धची कंपनीची मोहीम चालवणाऱ्या स्लीमनच्या नशिबी गेला, ही खंत त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. हुकलेल्या तपासाची ही रुखरुख ध्यानात ठेवली पाहिजे. जो तपास हातून गेला तो त्याने दहा वर्षांनी कादंबरीत केला.

स्लीमनच्या मोहिमेचे यंत्र कसे चालत होते ते पाहिल्याशिवाय कादंबरीची घडण कळत नाही. ठगीच्या खुनाला साक्षीदार नसे. वाटसरू परगावचा, प्रेत पुरलेले, मारणारे पांगलेले आणि माल दुसऱ्याच बाजारात विकलेला. अशा गुन्ह्यात नेहमीचा पुरावा मिळणार कुठून? म्हणून सगळी भिस्त माफीच्या साक्षीदारावर ठेवली गेली. पकडलेल्या ठगाने आपल्या साथीदारांची नावे, कुळी, गावे सांगायची, पुरलेली प्रेते उकरून दाखवायची आणि त्या बदल्यात फाशी टाळायची. सुटका नव्हतीच, जन्मभर कैदेत राहून बोलत राहायचे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने यावर कळस चढवला. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. तो कधीकाळी, कंपनीच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. त्याच वर्षी स्लीमनचे 'रामसीआना' निघाले. ठगांच्या गुप्त बोलीचा तो कोश होता आणि त्यात जबान्यांचा मोठा साठा होता. हैदराबाद संस्थानात हे काम कॅप्टन रेनॉल्ड्स पाहत होता. १८३२ च्या सुमारास माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या ऐकण्याची, लिहून घेण्याची संधी टेलरला मिळाली. त्याचा नायक अमीर अली याच ऐकण्यातून आला. आपण ७१९ खुनांत सामील होतो, असे तो सांगतो. हा आकडा पुढे शंभर ठिकाणी इतिहास म्हणून छापला गेला. पण असा आकडा कोण कोणाला सांगतो आहे, हे आधी विचारायला हवे. ज्याचा जीव बोलण्यावर टिकून आहे असा कैदी, ज्याचे खाते कबुलीवर उभे आहे अशा साहेबाला तो सांगतो. कमी बोलण्यात दोघांचेही नुकसान होते.

टेलरला हे कळत होते, म्हणूनच तो कादंबरीकार ठरतो. त्याने पुस्तकभर साहेबाला अमीर अलीसमोर बसवून ठेवले आहे. साहेब मधूनच शहारतो, मधूनच त्या देखण्या, नीटनेटक्या, अदबशीर माणसाच्या कपड्यांचे वर्णन करतो, आणि पुन्हा पुढे सांग म्हणतो. वाचकाचेही तेच होते. प्रेमप्रकरणे, घोडदौड, हैदराबादचे मोहल्ले, चितू पेंढाऱ्याच्या स्वाऱ्या यांत आपण रंगून जातो आणि भानावर येतो तेव्हा रुमाल कोणाच्या तरी गळ्याभोवती आवळलेला असतो. त्या काळी लंडनमध्ये गुन्हेगारांच्या कादंबऱ्यांची लाट होतीच. बेंटलीनेच 'ऑलिव्हर ट्विस्ट' काढली होती आणि एन्सवर्थची 'जॅक शेपर्ड'ही १८३९ चीच. पण त्या पुस्तकांत निवेदक वाचकाच्या बाजूला उभा राहून बोट दाखवतो. टेलरने ते बोट काढून घेतले. भीती रक्तामांसाच्या वर्णनातून येत नाही, ती प्रवासातल्या गोडव्यातून येते. ठग अंगावर धावून येत नाहीत. ते दोन मुक्काम आधी भेटतात, ओळख काढतात, पुढचा रस्ता वाईट आहे, एकट्याने जाऊ नका म्हणतात, पंगतीला बसवतात.

आपल्या भागातल्या माणसाला ही भीती इंग्रज वाचकापेक्षा जास्त नेमकी जाणवेल. हा सगळा मुलूख देवदर्शनाच्या वाटांनी विणलेला आहे. परांडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा, पलीकडे तुळजापूरची भवानी, खाली पंढरपूर. सोनारीचा नाथ ज्यांचे कुलदैवत आहे अशी घरे अनेक जिल्ह्यांत पसरलेली आहेत. रेल्वे आणि एसटी यायच्या आधी ही माणसे पायी किंवा बैलगाडीने निघत, वाटेत अनोळखी जथ्याला जथा मिळे आणि एका देवाला निघालेला माणूस म्हणून चुलीला चूल लागे. परांड्याचा बुलंद किल्ला शेजारी असून उपयोग नव्हता. त्याची मलिक-ए-मैदान तोफसुद्धा १६३२ सालीच विजापूरला गेलेली, आणि एरवीही वाटेवरच्या माणसाला किल्ल्याने कधी राखलेले नाही. त्याला राखत होता तो बरोबरच्या माणसावरचा विश्वास. कादंबरीत ठग नेमका तोच वापरतात. ज्या समाजाचा प्रवास अनोळखी माणसाच्या भरवशावर चालतो, तिथे हा गुन्हा एका खुनापुरता राहत नाही, रस्त्यालाच कीड लावतो. टेलर तुळजापुरात राहिला नसता तर हे त्याला इतके सहज लिहिता आले असते असे वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. ठगी पिढीजात आहे, बापाकडून मुलाकडे जाते आणि भवानीच्या नावाने धर्मासारखी पाळली जाते, हा सरकारी सिद्धान्त होता. स्लीमनच्या जबान्यांत फिरंगिया नावाच्या ठगाने ठगांच्या तुपोनी विधीतल्या गुळाची महती गायली आहे: तो एकदा खाल्ला की माणूस बदलतोच. खात्याला हे फार सोयीचे होते. रक्तातच गुन्हा असेल तर पुराव्याची चिकित्सा कशाला करायची? टेलरच्या प्रस्तावनेतही हा सरकारी सूर आहे. पण कादंबरी उघडा आणि नायक कोण आहे ते पाहा. अमीर अली ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. तो एका प्रतिष्ठित मुसलमान कुटुंबातला मुलगा. त्याच्या आईबापांना ठगांनीच वाटेत मारले. मारणाऱ्या टोळीतला गणेशा जमादार पोरालाही संपवायला निघतो, इस्माईल नावाचा ठग त्याला वाचवतो आणि लेकरासारखा वाढवतो. म्हणजे इंग्रजी साहित्यातला हा सर्वांत गाजलेला 'जातिवंत' ठग ठगांचाच बळी आहे. त्याला घडवले ते इस्माईलच्या मायेने, त्याची शाबासकी मिळवण्याच्या हव्यासाने आणि हातातल्या कसबाच्या गर्वाने. पुढे तो नकळत स्वतःच्या बहिणीचा गळा आवळतो, आणि शेवटी माफीचा साक्षीदार होऊन गणेशाला फासावर पाठवतो. ही शेवटची साक्ष सरकारी कागदात न्याय म्हणून नोंदली जाईल. कादंबरीत तो सूड आहे, आईबापांच्या खुनाचा, आणि तो घेण्यासाठी अमीर अली सरकारलाच हत्यार म्हणून वापरतो. जबानीमागे साक्षीदाराचा स्वतःचा हिशेब असतो, हे खात्याने कधी कबूल केले नाही. टेलरने ते कथानकाच्या कण्यात बसवले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ठगी ही इंग्रजांची कल्पना होती असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. पुरलेली प्रेते खरी होती. टेलरच्या प्रस्तावनेतच मराठवाड्यातला एक दाखला आहे, तो कादंबरीतल्या कुठल्याही प्रसंगाहून जास्त अंगावर येतो. हिंगोलीच्या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक अब्रूदार व्यापारी होता. टेलरने आणि इतर अधिकाऱ्यांनी त्याच्याशी देवघेव केलेली. मुंबईहून कापड घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याची बातमी लागताच याने त्याच मालासाठी रीतसर परवाना मागितला. मग त्या व्यापाऱ्याला माणसांसह वाटेत मारले, कापड परवान्यावर हिंगोलीत आणले आणि छावणीत उघड विकले. पुढे बाजाराच्या आसपासच्या जमिनीतून प्रेते निघाली. असले खून नाकारणे म्हणजे मेलेल्या वाटसरूंना दुसऱ्यांदा पुरणे होय. पण हा दाखला सिद्ध काय करतो ते पाहिले पाहिजे. हरीसिंगच्या गोष्टीत भवानीचा कौल कुठे लागत नाही. लागतो तो परवाना, बाजारभाव आणि छावणीतले गिऱ्हाईक. हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्ये ठगीच्या वाढीचा संबंध कंपनीच्या विस्ताराने उडालेल्या गोंधळाशी जोडला. स्टुअर्ट गॉर्डनने माळव्यातल्या छोट्या सत्तांच्या राजकारणात ती पाहिली. किम वॅग्नरने २००७ च्या ग्रंथात दाखवले, की खून आणि टोळ्या खऱ्या, त्यांना आसरा देणारे जमीनदार खरे, पण देशभर पसरलेला एकच रक्तपिपासू पंथ ही जबान्या गोळा करण्याच्या रीतीतून उभी राहिलेली आकृती आहे. या तिघांत मला वॅग्नरचे म्हणणे सर्वांत पटते, कारण त्यात मेलेले आणि पकडलेले दोघांनाही जागा आहे. अमीर अलीच्या तोंडी सतत शकुन आणि भवानी असते हे खरे, पण कथानक चालते ते पैसा, आश्रय, वैर आणि वाहवा यांवर.

दुसरा आक्षेप टेलरच्या चाहत्यांकडून येतो, आणि तो हलका नाही. हा माणूस इतर साहेबांसारखा नव्हता, मग त्याला ठगी खात्याच्या पंगतीत कशाला बसवता? १८४१ पासून तो शोरापूरच्या बेरड संस्थानावर होता. अज्ञान राजा व्यंकटप्पा नायकाला त्याने वाढवले. त्याच राजाने १८५८ च्या बंडात उडी घेतली आणि शिक्षेच्या वाटेवर असताना त्याचा गोळी लागून अंत झाला, तेव्हा टेलर आतून हलला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीकडे सोपवला. टेलर डेप्युटी कमिशनर होऊन नळदुर्गला आला आणि इब्राहिम आदिलशहाने बोरी नदी अडवून बांधलेल्या पाणीमहालाच्या त्या किल्ल्यात त्याने घर केले. जमिनीची मोजणी, महसुलाची घडी, रस्ते यांत चार वर्षे गेली. १८५७ च्या ऑगस्टात, बंड पेटलेले असताना, त्याला बुलढाण्याला धाडले. द्यायला फौज नाही, जमेल तसे सांभाळ, एवढाच हुकूम होता. लोक आपल्याला महादेवबाबा म्हणत, असे तो सांगतो, आणि ते खोटे मानायला कारण नाही. १८६० मध्ये नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाला परत गेला, त्याच साली टेलर निवृत्त झाला. हे सगळे मान्य करूनही आक्षेपाचे उत्तर बदलत नाही. टेलर चांगला होता म्हणूनच त्याच्या पुस्तकाला पुराव्याचे वजन आले. मुलखाची भाषा जाणणारा, माणसांत मिसळणारा अधिकारी सांगतो आहे म्हटल्यावर लंडनच्या वाचकाने शंका का घ्यावी? एखाद्या उथळ फिरस्त्याने तेच लिहिले असते तर ते सनसनाटी म्हणून विसरले गेले असते.

शिवाय तो स्वतः एका जागी थांबला नव्हता, हे त्याच्या पुढच्या लेखनातून दिसते. 'कन्फेशन्स'मधली भवानी ही खुन्यांची देवता आहे. नळदुर्ग सोडून सहा वर्षे झाल्यावर, १८६३ मध्ये, त्याने 'तारा' लिहिली. मराठा कथा म्हणून लिहिलेली ही कादंबरी तुळजापुरातच सुरू होते, व्यास शास्त्री नावाच्या ब्राह्मणाच्या घरात. तारा ही त्यांची मुलगी. तिच्या आयुष्यातून अफझलखानाची स्वारी आणि शिवाजी महाराज आपल्यापुढे येतात. इथे तीच भवानी ओळखीची होते: घराण्याची, नवसाची, पहाटेच्या पूजेची. देवळातल्या मुरळ्यांची फरफट आणि मोरो त्रिमळसारख्या माणसाची वासनाही टेलर झाकत नाही, त्यामुळे चित्र गुळगुळीत होत नाही. कादंबरी म्हणून 'तारा' सैल आहे. 'कन्फेशन्स'चा ताण तिला साधलेला नाही, संवाद तर जागोजागी नाटकी आहेत. पण एकाच देवीकडे एकदा कैद्याच्या तोंडून आणि एकदा तिच्या गावातल्या घरातून पाहणारा दुसरा इंग्रज कादंबरीकार मला ठाऊक नाही. जगाने मात्र पहिलेच पुस्तक लक्षात ठेवले. १८४४ मध्ये युजेन स्यूने फ्रेंच वाचकांसाठी ठग उचलला, जॉन मास्टर्सने १९५२ मध्ये 'द डिसीव्हर्स' लिहिली, आणि १९८४ च्या इंडियाना जोन्सच्या सिनेमापर्यंत देवीपुढे माणसे मारणारा पंथ ठरीव सजावट होऊन बसला. तुळजापूरच्या देवीचे भक्त त्या सिनेमात स्वतःला कुठे ओळखणार?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कायदे कादंबऱ्यांनी होत नाहीत. १८३६ चा कायदा पुस्तकाच्या तीन वर्षे आधीचा आहे, मग पुढच्या अन्यायाचे ओझे एका कथेवर का टाकायचे? कायद्याचे ओझे टाकता येत नाही, हे कबूल. पण कायदा रुजायला त्याला शहाणी वाटणारी जनता लागते. कोण काय करतो यापेक्षा कोण कुठल्या टोळीचा आहे यावर शिक्षा द्यावी, ही कल्पना ठगी खात्याने रूढ केली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती अख्ख्या जातींवर लादली. अशा जमातींसाठी उभारलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत जन्मलेल्या पोरांचा गुन्हा जन्म हाच होता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातला संशय रद्द झाला नाही. या लांबलचक काळात ज्यांना ठगाची गोष्ट माहीत होती त्यांना ती टेलरमुळेच माहीत होती. त्याने लिहिले होते त्याच्या उलट ती वाचली गेली, ही लेखकाची चूक थोडी आणि वाचकाची जास्त. थोडी म्हणालो ती एवढ्यासाठी, की प्रस्तावनेत खरेपणाची हमी त्याने स्वतःच दिली होती. विक्रीला ती उपयोगी पडली.

टेलर १८७५ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून पुन्हा हैदराबादला आला, आजारी पडला, दृष्टी गेली, आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंटाँ इथे १३ मे १८७६ ला वारला. आत्मचरित्र मुलीने पुढच्या वर्षी छापले. त्याच्या जुन्या मुलखात आणखी शंभर वर्षांनी त्याच्याच साच्यातले दुसरे एक पुस्तक झाले. लातूर तालुका १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होता. त्या तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला माणूस पहिल्या पुरुषात बोलतो आहे, चोरी कशी शिकवतात ते सांगतो आहे, पोलिसांचा मार सांगतो आहे. अमीर अलीच्या निवेदनाशी हे पुस्तक लावून वाचले की फरक पहिल्या काही पानांतच कळतो. इथे समोर साहेब बसलेला नाही. साथीदारांची नावे देऊन फाशी टाळायची नाही, खून मोजून दाखवायचे नाहीत, ऐकणाऱ्याला शहारे आणायचे नाहीत. चोरी आहे, पण तिच्या आधी भूक आहे, आणि लेखकाने ती आधी लिहिली आहे.